टळलेल्या धुराचा हिशेब
(सांगली येथील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आपल्या कृष्णा-वारणा पट्ट्यात कार्बन क्रेडिटचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, ‘टनाला दर काय?’ दराचं नंतर बघू. आधी टन कसला ते समजून घेऊ. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन टळल्याचा दाखला. अडचण अशी, की निघालेला धूर दिसतो, टळलेला दिसत नाही. तो कागदावरच सिद्ध करावा लागतो.

साखर कारखान्याचं को-जन, म्हणजे बगॅस (उसाचा चोथा) जाळून वाफेबरोबर वीजही तयार करणं, घ्या. समजा, त्यानं वर्षभरात ग्रीडला ५ कोटी युनिट, म्हणजे ५०,००० मेगावॅट-तास वीज विकली. ग्रीडच्या एका मेगावॅट-तासामागे किती कार्बन निघतो, हा आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण जाहीर करतं. ढोबळमानानं ०.७ टन धरा. झाले ३५,००० टन. आता वजाबाकी. हंगाम संपल्यावर टर्बाइन चालू ठेवायला ३,००० टन कोळसा जाळला, तर टनामागे दीड टनाच्या हिशेबानं ४,५०० गेले. पूर्वी तुमचा बगॅस शेजारचा कारखाना बॉयलरला नेत असेल आणि आता तो कोळशावर गेला असेल, तर तेही तुमच्याच खात्यातून वजा. जुना कमी दाबाचा बॉयलर आधीपासून थोडी वीज विकत असेल, तर फक्त वाढीव युनिट मोजायची.

मीटरचं कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, उशिरा झालं, तर तेवढ्या काळाच्या रीडिंगमधून मीटरची कमाल मान्य चूक कापली जाते. टक्क्याचा अंशच, पण विनाकारण गेलेला.

प्रकल्प अडकायचे ते मात्र ‘क्रेडिट नसतं तर हे काम झालंच नसतं’ या कसोटीवर. क्योटो कराराच्या सीडीएम (क्लीन डेव्हलपमेंट मेकॅनिझम) या क्रेडिट देणाऱ्या यंत्रणेत २ ऑगस्ट २००८ नंतर सुरू होणाऱ्या प्रकल्पानं आपण क्रेडिट धरून काम करतोय, अशी सूचना सुरुवातीपासून सहा महिन्यांत द्यायची होती. मशिनरीची ऑर्डर आधी आणि क्रेडिटचा ठराव वर्षानं, असं प्रोसिडिंग बुकात निघालं की तपासनीस तिथंच बोट ठेवायचा.

आता दर. २००८ मध्ये सीडीएमचं क्रेडिट २० युरोंच्या वर गेलं होतं; २०१२ अखेर अर्ध्या युरोलाही कुणी विचारेना. मंदीमुळे युरोपातली मागणी आटली, क्रेडिटचा पूर आला, आणि २०१२ नंतर नोंदलेले प्रकल्प अतिअविकसित देशांतले असतील तरच घेऊ, असं युरोपनं ठरवलं. पडताळणीचं बिल मात्र तेवढंच राहिलं.

पॅरिस कराराच्या सहाव्या कलमात आणखी एक अट आली. परदेशानं विकत घेतलेला टन भारताला स्वतःच्या उद्दिष्टात धरता येत नाही. एकाच ट्रॉलीचं वजन दोन काट्यांवर नको. म्हणून काय विकायचं, हे सरकार ठरवतं. २०२३ मध्ये केंद्रानं जाहीर केलेल्या यादीत बगॅसचं को-जन नाही, कॉम्प्रेस्ड बायोगॅस आहे.

तेव्हा आपल्याकडच्या प्रेसमडला, म्हणजे उसाचा रस गाळून उरणाऱ्या गाळाला, वाव आहे; बंद टाकीत, म्हणजे डायजेस्टरमध्ये, कुजवून त्याचा बायोगॅस होतो. पण या गॅसमधला मुख्य घटक मिथेन, आणि तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट धरला जातो. डायजेस्टरच्या झाकणातून, पाइपच्या जोडातल्या फ्लँजमधून वर्षाकाठी १०० टन मिथेन निसटला, तर २,८०० क्रेडिट हवेत. गळती तपासल्याची नोंदवही रिकामी असेल, तर तपासनीस मोजत बसत नाही. नियमात दिलेला ठोक आकडा लावतो, आणि तो सहसा आपल्या सोयीचा नसतो.