डोळ्यातला पीळ

(दृश्य : उसाची टिपरी, अगदी जवळून.)

पेऱ्यावरचा हा डोळा हरभऱ्याएवढाही नाही. तरीही पंचगंगेकाठच्या या फडातला प्रत्येक ऊस अशाच एखाद्या डोळ्यातून वर आला आहे. येथे शेतकरी बी पेरत नाही, बेणे, म्हणजे डोळे असलेली उसाची टिपरी, लावतो. (कोल्हापुरात हा शब्द माणसालाही लावतात, तो भाग वेगळा.) बेणे लावणे म्हणजे को ८६०३२ या वाणाचा डीएनए, म्हणजे पेशीतला आनुवंशिक मजकूर, जसाच्या तसा पुढच्या हंगामात नेणे होय.

(दृश्य : प्रयोगशाळा, काचेची कांडी.)

कोवळ्या पानाच्या लगद्यात मीठ आणि भांडी घासण्याचा साबण मिसळून तो गाळला आणि वरून थंडगार अल्कोहोल हलकेच सोडले, की डीएनएचा असा पांढरा, चिकट पुंजका तरंगू लागतो. त्यातल्या एकेका रेणूची रुंदी अवघी २ नॅनोमीटर असते. दाव्याला असतो तसा दोन धाग्यांचा पीळ, आणि आतल्या चार रासायनिक ‘अक्षरां’च्या जोड्या ठरलेल्या : अ‍ॅडेनिनसमोर थायमिन, ग्वानिनसमोर सायटोसिन. ही रचना वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ साली मांडली; तिला रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेतल्या क्ष-किरण छायाचित्राचा मोठा आधार होता, हे सांगायचे पुष्कळदा राहून जाते.

(दृश्य : सरीत फुगलेला डोळा, पहिला कोंब.)

पाणी मिळताच डोळ्यातल्या पेशी विभागू लागतात आणि प्रत्येक विभाजनापूर्वी डीएनएची नक्कल होते. एक विकर (रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन) पीळ उलगडते, दुसरे सुट्या झालेल्या प्रत्येक धाग्यासमोर जुळणारी अक्षरे बसवत जाते. एका धाग्यावर हे काम सलग चालते. दुसऱ्यावर तुकड्यातुकड्यांनी होते आणि ते तुकडे मागाहून सांधले जातात. नव्या प्रत्येक रेणूत एक धागा जुना आणि एक नवा असतो, हे मेसेल्सन आणि स्टाल यांनी १९५८ साली जिवाणूंवर दाखवून दिले. चुकलेले अक्षर काढून पुन्हा बरोबर बसवण्याची सोयही याच यंत्रणेत आहे. म्हणून ‘वाण उतरले’, म्हणजे पूर्वीसारखे पिकत नाही, अशी तक्रार होते, तेव्हा बहुधा डीएनए बिघडलेला नसतो, बेण्यातून रोग आलेला असतो. आणि त्यासाठीच निरोगी बेण्याचा वेगळा मळा, म्हणजे बेणेमळा, राखावा लागतो.

(दृश्य : गुऱ्हाळ, काहिलीतला उकळता रस.)

साखरेचे सूत्र डीएनएत कोठेही लिहिलेले नाही. लिहिलेली असते ती प्रथिनांची कृती, आणि अशी एक कृती म्हणजे जनुक. जनुकाची आरएनए प्रत केंद्रकाबाहेर येते. रायबोसोम, म्हणजे पेशीतले प्रथिने घडवणारे यंत्र, ती तीन-तीन अक्षरांनी वाचतो आणि त्या क्रमाने अमिनो आम्ले जोडत प्रथिन घडवतो. अशा ६४ त्रिकुटांपैकी ३ ‘थांबा’ सांगतात. ही लिपी उलगडण्यातील वाट्याबद्दल हरगोविंद खुराना यांना १९६८ चे नोबेल विभागून मिळाले. उसात घडणाऱ्या प्रथिनांपैकी काही विकरे पानात साखर तयार करतात आणि ती कांड्यांत साठत जाते.

गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात सोडून गोळी बांधते का, ते पाहतो आहे.