रेंज फुल, तरी फोन लागत नाही? टॉवरशी वेळ जुळवण्याची गोष्ट

नमस्कार मंडळी! बॅटरीवरच्या व्हिडिओखाली तुम्ही एकच प्रश्न लावून धरलाय, "दादा, एरोप्लेन मोड चालू-बंद केला की नेटवर्क कसं येतं?" आणि त्याखाली कुणीतरी लिहिलंय, "तारीख-वेळ ऑटोमॅटिक ठेवा, म्हणजे फोन टॉवरशी सिंक होतो." या उत्तराला एवढे लाइक पडलेत की आज बोलायलाच हवं, कारण ते चूक आहे.

आधी तेवढं निस्तरू. हा माझा फोन. तारीख हाताने पाच वर्षं मागे नेली. आता आईला फोन लावतो. ऐका, रिंग जातेय. ब्राउझर मात्र तक्रार करतोय, कारण सुरक्षित वेबसाइटचं प्रमाणपत्र तारखेवर तपासलं जातं. बँकेची अ‍ॅपही अशीच अडतात. लोकांना वाटतं नेटवर्क गेलं. पण स्क्रीनवरचं घड्याळ वेगळं, आणि टॉवरशी जुळलेली वेळ वेगळी.

ती जुळते कशी? पहिला भाग सोपा आहे, भरभर सांगतो. फोन चालू झाला की तो आधी नुसता ऐकतो. ४जीचा टॉवर दर ५ मिलिसेकंदांनी एक ठरलेली खूण पाठवतो. ती सापडली की चौकट, म्हणजे टॉवरने पाडलेला वेळेचा ठरावीक तुकडा, कुठे सुरू होते ते कळतं, ५०४ ओळखक्रमांकांपैकी या टॉवरचा कोणता ते कळतं, आणि फोन आपली फ्रिक्वेन्सीही त्याच्याशी लावून घेतो. झालं. इथपर्यंत कांड्या दिसायला लागतात.

खरी गोम पुढे आहे, आणि ती मी तीनदा सांगणार आहे.

समजा, तुम्ही टॉवरपासून १० किलोमीटरवर आहात. रेडिओलहरीला एक किलोमीटर जायला साधारण ३.३ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे टॉवरची खूण तुमच्यापर्यंत ३३ मायक्रोसेकंद उशिरा आली. फोन त्याच खुणेवर बोलला, तर त्याचा आवाज परत जायला आणखी ३३. उशीर दुप्पट झाला! ४जीत अशा उशिरासाठी राखलेली फट साधारण ४.७ मायक्रोसेकंदांची. हिशेब करा, पाऊण किलोमीटरच्या आतच ती संपते.

आता वारीत चला. पालखीपुढचा टाळ मागे ३४० मीटरवरच्या वारकऱ्याला एक सेकंद उशिरा ऐकू येतो. त्याने ऐकून टाळ वाजवला, तर तो पुढे पोचायला आणखी एक सेकंद. पुढच्याला तो दोन सेकंद मागे पडलेला वाटणार. मागच्याने कितीही कान देऊन ऐकलं तरी उपयोग नाही. त्याला आधीच वाजवावं लागेल, तेही दोन सेकंद आधी.

तिसऱ्यांदा, लग्नाच्या मुहूर्तावरून. सांगलीत १२ वाजून ३५ मिनिटांचा मुहूर्त. मिरजेचे पाहुणे सकाळी आरामात निघतात, नागपूरचे आदल्या रात्रीच. अक्षता मात्र एकाच क्षणी पडतात. नागपूरकर मिरजकरांच्या वेळेला निघाले, तर त्यांच्या अक्षता त्याच कार्यालयातल्या संध्याकाळच्या नवरा-नवरीवर पडतील. टॉवरवर नेमकं हेच होतं. उशिरा आलेला आवाज पुढच्याच्या कप्प्यात, म्हणजे पुढच्या फोनला बोलायला दिलेल्या वेळेत, घुसतो आणि दोघांचंही बोलणं बिघडतं.

म्हणून टॉवर प्रत्येक फोनला सांगतो, तू इतकं आधी बोल. याला म्हणतात टायमिंग अ‍ॅडव्हान्स. फोनला स्वतःचं अंतर माहीत नसतं. तो आधी एक छोटी हाक मारतो, टॉवर तिचा उशीर मोजतो आणि आकडा कळवतो. ४जीत एक पायरी ०.५२ मायक्रोसेकंदांची, म्हणजे अंतरात सुमारे ७८ मीटर. एसटीने पुण्याहून साताऱ्याला जाताना हा आकडा वाटभर बदलत असतो.

हे मला पुस्तकाआधी मामांनी शिकवलं. मामा दापोलीकडचे, मासेमारीची होडी. २जीचा जमाना. गावचा टॉवर कड्यावर, त्यामुळे समुद्रात फार लांबपर्यंत दिसायचा. मामा म्हणायचे, "बाहेर गेलो की कांड्या पुऱ्या, नि फोन काय लागत नाय." आम्हाला वाटायचं फोन जुना झालाय. नवा घेऊन दिला, तरी तेच! नंतर कळलं, २जीचा टॉवर ६३ पायऱ्यांपर्यंतच "आधी बोल" म्हणू शकतो. एक पायरी सुमारे ५५० मीटरची, म्हणजे मर्यादा ३५ किलोमीटर. त्यापलीकडे फोनला टॉवर ऐकू येतो, पण फोनचा आवाज वेळेत बसवायला टॉवरकडे आकडाच उरत नाही. जास्त पल्ल्याचे २जी टॉवर होते, पण त्यात एका फोनला दोन कप्पे द्यावे लागायचे, म्हणून ते सगळीकडे नसत. ४जीत ही मर्यादा १०० किलोमीटरपर्यंत गेली.

म्हणून मला त्या स्टिकरचा फार राग येतो. फोनच्या पाठीवर चिकटवा आणि सिग्नल वाढवा म्हणे! कांड्या फक्त तुम्हाला टॉवर किती ऐकू येतो ते सांगतात. टॉवरला तुम्ही ऐकू येताय का, वेळेवर येताय का, हे त्यात कुठेच नाही. स्टिकर त्यात काय करणार? पैसे घालवू नका.

एका ताईंनी विचारलंय, "विसर्जनाला लालबागमध्ये उभी होते, टॉवर समोर, तरी फोन लागेना." ताई, तिथे अडचण अंतराची नाही. पहिली हाक मारायला एका वेळी ६४ प्रकार असतात आणि फोन त्यातला एक निवडतो. हजारो फोन एकदम हाका मारायला लागले की दोघांची निवड सारखी येते, हाका एकमेकींत मिसळतात आणि दोघांनाही थांबून पुन्हा हाक मारावी लागते. वर पुढचे कप्पेही भरलेले.

आता एरोप्लेन मोड. फोन कधीकधी लांबच्या टॉवरला धरून बसतो. मोड चालू-बंद केला की तो जुनं सगळं सोडतो, पुन्हा ऐकतो, जवळचा टॉवर शोधतो, हाक मारतो, नवा आकडा घेतो. म्हणून चालतं. पण एकदाच करा आणि अर्धा मिनिट थांबा. दर दोन मिनिटांनी केलंत, तर हा सगळा खटाटोप फोनला दरवेळी करावा लागतो, आणि मग बॅटरीच्या व्हिडिओखाली तुम्हीच विचाराल, चार्जिंग का उतरतंय.

मामांनी तेव्हा स्वतःच एक खूण ठरवली होती. परतताना दीपगृहाचा दिवा दिसला की मामीला फोन. त्याआधी फोन खिशातून काढायचेच नाहीत.