सुकतीची वाट: कोर्लई ते कुलाबा, पायी

(दृश्य: पहाट. कोर्लईच्या डोंगराची समुद्रात शिरलेली सोंड आणि तिच्या उजवीकडे कुंडलिका खाडीचे मुख.)

घाटावरची रणांगणे पायी पाहण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे दर पावसाळ्यात माणसे चालत निघतात, आणि कुरवंड्याच्या घाटाने उतरून उंबरखिंड पाहणारेही पुष्कळ आहेत. किनाऱ्यावरच्या लढायांच्या वाट्याला हे चालणे फारसे येत नाही, कारण त्या पाण्यावर झाल्या आणि पाण्यावर चालत जाऊन पाहण्यासारखे काय उरणार, असा आपला समज असतो. चौल, रेवदंडा आणि अलिबागचा किनारा तीन दिवस पायी फिरल्यावर आमचा तो समज टिकला नाही. या लढाया जहाजांनी लढल्या हे खरे असले, तरी खाडीचे मुख किती अरुंद आहे, पुळण म्हणजे किनाऱ्याची वाळू किती रुंद आहे, डोंगर किती जवळ आहे आणि पाणी केव्हा चढते व केव्हा उतरते, यांवर त्यांचे पारडे झुकत गेले, आणि या सगळ्या गोष्टी आजही पावलांनी मोजता येतात.

दीपगृहाच्या बाजूने कोर्लईच्या किल्ल्यावर चढायला फार वेळ लागत नाही. माथा लांबट आणि चिंचोळा आहे, आणि एकामागून एक दरवाजे ओलांडत कडेला आले की खाडीपलीकडचे रेवदंडा इतके जवळ दिसते की नकाशावरचे अंतर खोटे वाटू लागते. रेवदंडा हे पोर्तुगीजांचे चौल. समोरच्या या डोंगरावर निजामशाहीने तटबंदी सुरू केली, तेव्हा बंदरात येणारे प्रत्येक जहाज तोफेच्या टप्प्यात येणार होते. म्हणूनच सप्टेंबर १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी खाडी ओलांडून हा डोंगर घेतला. पुढे १७४० च्या तहाने हा मुलूख मराठ्यांकडे आला आणि पोर्तुगीज फौज निघून गेली, पण पायथ्याच्या वस्तीत पोर्तुगीजमधून घडलेली 'नो लिंग' ही बोली आजही घराघरांत बोलली जाते.

(दृश्य: खाडीत रोवलेले खुंट, त्यांना बांधलेली जाळी, ओढीने ताणलेले दोर.)

त्याच कड्यावरून त्याहून जुने रणांगण दिसते. मार्च १५०८ मध्ये इजिप्तच्या मामलूक सुलतानाचे आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली या खाडीत शिरले आणि दीवचा मलिक अयाज आपली गलबते घेऊन त्याला येऊन मिळाला. समोर होता लोरेन्सो द आल्मेदा, पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा. दोन दिवसांच्या माऱ्यानंतर त्याने खाडीबाहेर पडायचे ठरवले, पण पाणी शिरलेले त्याचे जहाज कोळ्यांनी मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांत अडकले; बाकीची जहाजे निसटली आणि लोरेन्सो तिथेच मारला गेला. त्याचा सूड म्हणून फेब्रुवारी १५०९ मध्ये बापाने दीवची लढाई केली, आणि त्या विजयाने हिंदी महासागरातल्या पोर्तुगीज सत्तेचा पाया पक्का झाला. एवढ्या मोठ्या घडामोडीत चौलच्या कोळ्यांचे नाव कुणी लिहिले नाही, पण त्यांचे खुंट मात्र बखरकारांना टाळता आले नाहीत. वर उभे राहून खुंटांना बांधलेली खालची डोलीची जाळी पाहताना आम्हांला त्या लढाईचा नकाशा मागावा लागला नाही.

साळावच्या पुलावरून आपण रेवदंड्यात येतो. पुलावर वाहने अंगावर येतात, तेव्हा ही चाल भल्या सकाळी उरकलेली बरी. गावाभोवतीचा तट अजून बराच उभा आहे आणि रस्ता सरळ त्याला भेदून आत शिरतो. आतल्या पडक्या चर्चच्या मनोऱ्याला लोक सातखणी म्हणतात; त्याचे वरचे मजले कधीच कोसळले आहेत. १५७० च्या अखेरीपासून मुर्तजा निजामशहाच्या प्रचंड फौजेने या गावाला वेढा घातला होता आणि १५७१ च्या उन्हाळ्यापर्यंत तो चालला. इतकी फौज असूनही गाव का पडले नाही, याचे उत्तर तटाला फेरी मारताना मिळते: जमिनीकडची बाजू आवळली तरी समुद्राकडची मोकळी राहत होती आणि तिकडून माणसे व रसद येत होती. अखेरीस तह झाला.

दुसऱ्या दिवसाची चाल सर्वांत लांब आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची होती. रेवदंड्याहून अलिबाग सतरा-अठरा किलोमीटर आहे. १७२१ च्या अखेरीस कान्होजी आंग्र्यांचा कायमचा बंदोबस्त करण्यासाठी इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले, त्यांनी चौलला तळ दिला आणि सुमारे साडेसहा हजारांची फौज अलिबागकडे निघाली. इंग्रजांच्या बाजूने राजाच्या आरमाराचा कमोडोर टॉमस मॅथ्यूज होता, पोर्तुगीजांच्या बाजूने खुद्द गोव्याचा व्हाइसरॉय मोहिमेवर आला होता.

(दृश्य: नारळी-पोफळीच्या वाड्यांमधला अरुंद रस्ता; मग एकदम उघडी पुळण.)

या टापूत चालताना माणसाला दोनच वाटा असतात. एक आतली, वाड्यांमधून जाणारी, सावलीची पण अरुंद. दोन्ही बाजूंना कुंपणे आणि पलीकडे काय आहे ते दिसत नाही. दुसरी पुळणीवरची, मोकळी, पण सुकतीला, म्हणजे ओहोटीला, ओली वाळू उघडी पडली तरच पाय टिकतो; भरतीच्या वेळी कोरड्या, भुसभुशीत वाळूतून चालताना पाठीवर पाच किलोंची पिशवी असली तरी पोटऱ्या भरून येतात. तोफा ओढणाऱ्यांचे काय झाले असेल, याचा अंदाज आम्हांला नागावच्या पुढे आला. आक्षीला खाडी आडवी येते आणि आज तिथे पूल आहे म्हणून ती जाणवत नाही इतकेच. (आक्षीत शके ९३४ चा मराठी शिलालेख आहे, लढाईशी त्याचा संबंध नाही, पण तो न पाहता पुढे जाणे बरे नव्हे.)

अलिबागच्या परिसरात डिसेंबरमध्ये हल्ला झाला तेव्हा सातारहून शाहू महाराजांनी पाठवलेले घोडदळ आंग्र्यांच्या मदतीला आलेले होते. शिड्या लावून चढण्याचा इंग्रजांचा प्रयत्न फसला, मराठ्यांचे स्वार पोर्तुगीज फळीवर तुटून पडले, ती फळी मोडली आणि उघड्या पडलेल्या इंग्रजांना तोफा टाकून मागे फिरावे लागले. कमोडोर मॅथ्यूजच्या मांडीत एका स्वाराने भाला खुपसला. त्या स्वाराचा पाठलाग करत त्याने पिस्तुले रोखली, तेव्हा ती भरायचीच राहून गेल्याचे त्याच्या लक्षात आले. पेशवे बाजीराव फौजेनिशी आले, जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी स्वतंत्र तह केला आणि इंग्रज एकटे पडले. दोन्ही मित्रांनी नंतर एकमेकांना दोष दिला. आमचे मत असे, की सतरा किलोमीटरची ही पट्टी ज्यांच्या रोजच्या पायाखालची होती त्यांना ती जहाजांतून उतरलेल्यांपेक्षा अधिक कळत होती.

कान्होजींची समाधी अलिबाग शहरातच, छत्रीबागेत आहे. १७२० मध्ये त्यांनी बांधलेल्या हिराकोटाचे पुढे कारागृह झाले.

तिसरा दिवस कुलाब्याचा, म्हणजे अलिबागसमोरच्या समुद्रातल्या किल्ल्याचा, आणि तिथे पायी सुकतीलाच जाता येत असल्याने तो आपल्या सोयीने ठरवता येत नाही. या किनाऱ्यावर भरतीचा हिशेब अजूनही तिथीने करतात: तिथीला पाऊणाने गुणले की पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते. एकादशीला भरती सव्वाआठच्या सुमारास, म्हणजे सुकती सहा तासांनी, सव्वादोनच्या आसपास. मात्र अष्टमीच्या मागेपुढे, भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, पाणी पुरते हटत नाही; पुनवेला आणि अवसेला उधाण असते, तेव्हा ते लांबवर हटते आणि तितक्याच जोराने परत येते. पावसाळ्यात हा विचारच करू नये.

(दृश्य: उघडा पडलेला खडक आणि वाळू, घोडागाडीच्या चाकांचे ठसे, समोर कुलाब्याचा तट.)

शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये या खडकावर किल्ल्याचे काम सुरू केले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. तटाचे प्रचंड दगड चुन्याशिवाय एकावर एक रचलेले आहेत, त्यामुळे लाटेचे पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. हल्लेखोराच्या जागी उभे राहून पाहावे: किल्ल्यापर्यंतची जमीन काही तासांपुरतीच आपली असते, त्या अवधीत तट गाठायचा, लढायचे आणि न जमल्यास त्याच वाटेने परतायचे. आत गोड्या पाण्याचे तळे आहे; आतल्यांना घाई नव्हती.

उत्तरेच्या तटावरून खांदेरी-उंदेरी ही बेटे दिसतात. ऑगस्ट १६७९ मध्ये मराठ्यांच्या आरमारातल्या मायनाक भंडारी यांनी खांदेरीवर तटाचे काम सुरू केले आणि इंग्रजांनी बेटाभोवती जहाजे लावली. १८ ऑक्टोबरला मराठ्यांच्या दौलतखानाचे आरमार चालून आले, तेव्हा इंग्रजांचे 'डव्ह' हे जहाज मराठ्यांच्या हाती पडले. 'रिव्हेंज' मात्र झुंजत टिकून राहिले. इंग्रजांची खरी अडचण पुढे झाली: वल्ह्यांवर चालणाऱ्या, उथळ पाण्यात शिरणाऱ्या मराठ्यांच्या होड्या रात्री त्यांच्या पहाऱ्यातून निसटून बेटावर सामान पोहोचवत राहिल्या. २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे.

आम्ही तटावर जरा जास्तच वेळ रेंगाळलो. खालून घोडागाडीवाल्याने, पाणी भरायला लागले आहे, निघा, अशी हाक दिली, तेव्हा वाळूतल्या खळग्यांतून पाण्याच्या जिभा आत येत होत्या. बूट हातात घेऊन निघालो. अर्ध्या वाटेवर पाणी घोट्यांपर्यंत होते, किनाऱ्याजवळच्या खोलगट भागात गुडघ्यांपर्यंत, आणि येताना जेवढा वेळ लागला होता त्याच्या दुप्पट वेळ जाताना लागला. आमच्या खांद्यावर बंदुका नव्हत्या आणि तटावरून आमच्यावर कोणी नेम धरलेला नव्हता.