मातीची सफाई, उद्याच्या कराच्या भरवशावर

विषय पैशाचा आहे, पण सुरुवात जमिनीपासूनच करावी लागेल. बंद पडलेला कारखाना, जुना पेट्रोल पंप किंवा ड्राय क्लीनिंगचं दुकान अशी एखादी जागा डोळ्यांपुढे आणा. जमिनीत गंजलेल्या टाक्या, मातीत बेन्झीन, खाली भूजलात क्लोरीनयुक्त द्रावक. जागेला किंमत असते, पण सफाईचा खर्च कधीकधी त्या किमतीच्याही वर जातो. मग गुंतवणूकदार शहराबाहेरची कोरी शेतजमीन शोधतो, आणि रस्ता, पाणी, गटार सगळं दाराशी असलेली शहरातली जागा वर्षानुवर्षं कुंपणात पडून राहते. अमेरिकेत अशा जागेला ‘ब्राउनफिल्ड’ म्हणतात. तिथल्या केंद्रीय पर्यावरण संस्थेचा अंदाज असा, की देशात अशा साडेचार लाखांहून अधिक जागा आहेत.

खर्चापेक्षा मोठा अडसर होता कायद्याच्या भीतीचा. १९८०च्या सुपरफंड कायद्याने प्रदूषणाची जबाबदारी जागेच्या आजच्या मालकावरही टाकली, मग ते प्रदूषण त्याने केलेलं असो वा नसो. २००२ साली केंद्रीय कायद्यात दुरुस्ती झाली. जागा घेण्यापूर्वी रीतसर चौकशी करणाऱ्या आणि घेतल्यावर योग्य काळजी घेणाऱ्या खरेदीदाराला त्यातून संरक्षण मिळालं. मिशिगन राज्याने त्याआधीच, १९९५मध्ये, आपल्या राज्याच्या कायद्यात ‘ज्याने प्रदूषण केलं, तो जबाबदार’ असं तत्त्व आणलं. आज मी मिशिगनचीच पद्धत समजावून सांगणार आहे. तिच्यात पर्यावरणाचा आणि कराचा कायदा एकमेकांना घट्ट जोडलेले आहेत, आणि कुठली पायरी चुकली की काय बिघडतं हे तिथे स्वच्छ दिसतं.

भीती कमी झाली तरी पैशाचा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर म्हणजे टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग, म्हणजे वाढीव करातून केलेला अर्थपुरवठा. ही कल्पना कॅलिफोर्नियात १९५२ साली कायद्यात आली. जागेचं आजचं करपात्र मूल्य गोठवायचं. त्या मूल्यावरचा कर पालिका, काउंटी, ग्रंथालय, शाळा यांना पूर्वीसारखाच मिळत राहतो. जागा साफ होऊन इमारत उभी राहिली की मूल्य वाढतं, आणि फक्त त्या वाढीवरचा कर बाजूला काढून सफाईचा खर्च फेडला जातो. खर्च फिटला की वाढीव कर सगळ्यांना खुला. हे अनुदान नव्हे. कोणीही आज रोख हातात ठेवत नाही. बहुतेक प्रकल्पांत विकासक स्वतःचे किंवा कर्जाचे पैसे आधी घालतो आणि पुढे दरवर्षी थोडे थोडे परत मिळवतो. इमारत उभी राहिली नाही तर वाढ नाही, आणि वाढ नाही तर परतफेडही नाही. पालिकेच्या दृष्टीने या पद्धतीचं सगळ्यात मोठं बळ हेच आहे, कारण जोखीम विकासकाच्या डोक्यावर राहते. पालिकेने रोखे काढून पैसे आधीच उभे केले की हे गणित उलटं होतं. इमारत रखडली तरी रोख्यांचे हप्ते थांबत नाहीत. माझं स्पष्ट मत आहे, की लहान शहराने रोख्यांच्या वाटेला जाऊ नये.

मिशिगनमध्ये १९९६चा अधिनियम क्रमांक ३८१ यासाठी आहे. त्यानुसार पालिका किंवा काउंटी ब्राउनफिल्ड पुनर्विकास प्राधिकरण स्थापन करते. आता क्रम लक्षात घ्या, कारण बहुतेक प्रकल्प मातीमुळे नव्हे, क्रमामुळे अडचणीत येतात.

सर्वांत आधी ‘फेज वन’ची चौकशी. यात माती खणत नाहीत. जुने नकाशे, सरकारी नोंदी, मालकांच्या आणि शेजाऱ्यांच्या मुलाखती, जागेची पाहणी एवढंच असतं. यातले मुख्य भाग जागा ताब्यात येण्याच्या आधीच्या १८० दिवसांतले असावे लागतात. व्यवहार लांबला आणि चौकशी जुनी झाली, तर केंद्रीय संरक्षण गेलं. मग ‘फेज टू’: बोअर घेऊन माती, भूजल आणि जमिनीतल्या वायूचे नमुने. एखाद्या पदार्थाचं प्रमाण राज्याच्या निर्बंधरहित निवासी निकषापेक्षा जास्त निघालं की ती जागा कायद्याच्या भाषेत ‘फॅसिलिटी’ ठरते. मग खरेदी, ताबा किंवा गहाणाची जप्ती यांपैकी जे आधी घडेल त्यानंतर ४५ दिवसांच्या आत बेसलाइन पर्यावरण तपासणी पूर्ण करायची आणि सहा महिन्यांच्या आत ती राज्याच्या पर्यावरण खात्याकडे द्यायची. जुनं प्रदूषण आपलं नाही याचा पुरावा म्हणजे हा कागद. ४५ दिवस टळले की जागेबरोबर जबाबदारीही अंगावर येते.

त्यानंतर ब्राउनफिल्ड आराखडा. जागा पात्र का आहे, कोणती कामं करायची, प्रत्येकाचा खर्च किती, दरवर्षी किती वाढीव कर येईल आणि परतफेड कधी संपेल, हे सगळं त्यात असतं. जाहीर सुनावणी होते, कर आकारणाऱ्या संस्थांना सूचना जाते आणि नगरपरिषद ठराव करते. ठरावाच्या वेळचं करपात्र मूल्य हे मूळ मूल्य म्हणून गोठतं. जागा त्या वेळी पालिकेच्या मालकीची, म्हणजे करमुक्त असेल, तर मूळ मूल्य शून्य धरतात. त्यामुळे ठराव आधी की विक्री आधी, या एका प्रश्नावर अनेक वर्षांची परतफेड अवलंबून असू शकते. वाढीव कर घ्यायला ठरावापासून पाच वर्षांत सुरुवात करावी लागते, आणि सुरू झाल्यावर जास्तीत जास्त तीस वर्षं तो घेता येतो.

शाळांच्या करासाठी आणखी एक दरवाजा ओलांडावा लागतो. मिशिगनने १९९४मध्ये शाळांचा खर्च मोठ्या प्रमाणात राज्याकडे घेतला. स्थानिक प्राधिकरणाने शाळेचा कर वळवला तर भरपाई राज्याच्या तिजोरीतून होते. म्हणून तो कर वापरण्यापूर्वी राज्याची मंजुरी लागते: सफाईच्या कामांसाठी पर्यावरण खात्याची, पाडकाम आणि ॲस्बेस्टॉस काढण्यासारख्या इतर कामांसाठी मिशिगन स्ट्रॅटेजिक फंडाची, म्हणजे राज्याच्या आर्थिक विकासाच्या संस्थेची.

ही मंजुरी किती मोलाची आहे ते एका कल्पित जागेवर पाहू. मिशिगनमध्ये करपात्र मूल्य सुरुवातीला बाजारभावाच्या निम्मं धरतात, आणि एक ‘मिल’ म्हणजे हजार डॉलरमागे एक डॉलर. मूळ करपात्र मूल्य चार लाख डॉलर, काम झाल्यावर पन्नास लाख. वाढ सेहेचाळीस लाख. समजा एकूण दर ५४ मिल. त्यात शाळा चालवण्याचा कर १८, राज्य शिक्षण कर ६, पालिका-काउंटी-ग्रंथालय वगैरे मिळून २४, आणि जुन्या कर्जफेडीचे ६. कर्जफेडीच्या कराला हात लावता येत नाही. राज्य शिक्षण कराचा निम्मा भाग, म्हणजे ३ मिल, राज्याच्या ब्राउनफिल्ड निधीत जातो. उरले ४५ मिल. वर्षाला २ लाख ७ हजार डॉलर. पात्र खर्च, म्हणजे वाढीव करातून फेडता येण्याजोगा खर्च, २२ लाख असेल तर सुमारे साडेदहा वर्षांत फिटेल. राज्याची मंजुरी घेतलीच नाही तर हाती फक्त स्थानिक २४ मिल, वर्षाला १ लाख १० हजार ४०० डॉलर. तोच खर्च फिटायला जवळजवळ वीस वर्षं.

आणि ‘फिटला’ हा शब्द जपून वापरा. विकासकाच्या पैशाची किंमत वर्षाला सात टक्के धरली, तर साडेदहा वर्षांत येणाऱ्या २२ लाखांचं आजचं मोल सुमारे १५ लाख आहे. बांधकाम दोन वर्षं लांबलं तर सव्वातेरा लाख. बँकेकडे जाताना हाच आकडा नेला पाहिजे. पुष्कळ सादरीकरणांत २२ लाख ‘मिळणार’ म्हणून लिहिलेले असतात, आणि या दोन आकड्यांतल्या फरकाएवढी तूट प्रकल्पाच्या भांडवलात शेवटपर्यंत राहते.

आता प्रत्यक्ष कामात काय बिघडतं ते पाहू. यातला सगळ्यात वारंवार येणारा प्रकार म्हणजे आधी खोदणं आणि मग मंजुरी मागणं. चौकशी आणि बेसलाइन तपासणीसारख्या तयारीच्या काही खर्चांना सवलत आहे, पण माती उचलून टाकली आणि नंतर आराखडा केला, तर तो खर्च सहसा परत मिळत नाही. कंत्राटदाराचं यंत्र रिकामं उभं राहू नये म्हणून घाईने घेतलेला निर्णय इथे फार महाग पडतो.

दुसरी गोष्ट पात्र खर्चाच्या व्याख्येची. तळघरासाठी माती खणायचीच होती. ती दूषित निघाली. आता संपूर्ण खोदकाम पात्र होत नाही. साधी माती टाकायला जो खर्च आला असता त्याहून जास्त लागलेला खर्च, म्हणजे दूषित मातीची वेगळी वाहतूक, परवाना असलेल्या भरावभूमीचं (लँडफिलचं) शुल्क, नमुन्यांची तपासणी, एवढाच पात्र. कंत्राटदाराने ‘खोदकाम व विल्हेवाट’ असं एकच बिल दिलं की प्राधिकरण ते परत पाठवतं. म्हणून निविदेतच साध्या आणि दूषित मातीचे टनामागे वेगळे दर मागवा, प्रत्येक ट्रकची वजनपावती आणि भरावभूमीची पोच जपून ठेवा. दोन वर्षांनी हे कागद कोणालाही सापडत नाहीत.

तिसरी गोष्ट अंदाजाची. बोअरच्या नमुन्यांवरून मातीचं प्रमाण ठरवलेलं असतं, पण टाकीची गळती पाण्याच्या जुन्या नळाखालच्या वाळूतून दूरवर गेलेली असते, किंवा नकाशात नसलेली दुसरी टाकी निघते. आराखड्यात साधारण १५ टक्के आकस्मिक खर्च धरण्याची पद्धत आहे. त्याहून वाढलं तर आराखड्यात दुरुस्ती, आणि दुरुस्तीसाठी पुन्हा सूचना, सुनावणी, ठराव. म्हणून फेज टूमध्ये चार बोअर जास्त घेणं हा या संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात स्वस्त विमा आहे.

ट्रायक्लोरोइथिलीनसारख्या द्रावकांची गोष्ट वेगळी आहे. ती बाष्परूपाने फरशीच्या भेगांतून घरात शिरतात. तिथे नुसती माती काढून भागत नाही. फरशीखाली वायूरोधक पडदा, त्याखाली खडीचा थर आणि छिद्रं पाडलेले पाइप, त्यांना जोडलेला पंखा जो फरशीखालचा दाब घरातल्यापेक्षा कमी ठेवतो. पंखा बंद पडला की संरक्षण संपलं, म्हणून दाबमापक, देखभालीचा आराखडा आणि मालमत्तेच्या नोंदीत लिहिलेलं बंधन लागतं. ही व्यवस्था परतफेड संपल्यावरही चालवायची असते. तो खर्च कोण उचलणार, हे करारात पहिल्याच दिवशी लिहिलेलं असलं पाहिजे. तिथे राहणाऱ्या माणसांच्या श्वासाचा हा प्रश्न आहे, आणि हिशेबाच्या तक्त्यात तो बहुतेक वेळा शेवटच्या ओळीत जातो. मला हे मान्य नाही.

मूल्याच्या बाजूचे धोकेही आहेत. मालकाने कर कमी करून घेण्यासाठी अपील केलं आणि आपल्या उदाहरणातलं मूल्य पन्नास लाखांवरून अडतीस लाखांवर आलं, तर वाढ चौतीस लाख, वार्षिक रक्कम १ लाख ५३ हजार, आणि परतफेड साडेदहाऐवजी सव्वाचौदा वर्षांच्या पुढे. शिवाय मिशिगनमध्ये, नवं बांधकाम सोडलं तर, करपात्र मूल्य वर्षाला पाच टक्के किंवा महागाईचा दर, यांपैकी जे कमी असेल तेवढंच वाढू शकतं. मंदीत मूल्य एकदा घसरलं की बाजार सावरल्यावरही ते मालकी बदलेपर्यंत हळूहळूच वर येतं. पडझडीच्या मूल्यावर परतफेड किती वर्षं लांबते, हे आराखड्यातच तपासून घ्यायला हवं.

सवलती एकमेकांवर येण्याचाही घोळ होतो. २०००च्या अधिनियम १४६ खाली जुन्या इमारतीच्या दुरुस्तीला बारा वर्षांपर्यंत मूल्य गोठवण्याची सवलत मिळते. मूल्यच गोठलं तर स्थानिक वाढीव कर येणार कुठून? लँड बँक म्हणजे पडून राहिलेल्या जागा ताब्यात घेऊन पुन्हा वापरात आणणारी सरकारी संस्था; तिच्याकडून घेतलेल्या जागेचा निम्मा कर पाच वर्षं लँड बँकेकडे जातो, तोही वजा करावा लागतो. जागा आधीच शहराच्या मध्यवर्ती भागाच्या विकास प्राधिकरणाच्या हद्दीत असेल, तर वाढ तिथे आधीच वळवली जात असते आणि त्यांच्याशी वेगळा करार करावा लागतो. आणि भूखंडाचे तुकडे पडले किंवा दोन एकत्र झाले की क्रमांक बदलतो. मूळ मूल्य नव्या क्रमांकांवर वाटून देण्याची सूचना करनिर्धारकाला आणि खजिनदाराला लेखी दिली नाही, तर कर निमूटपणे नेहमीच्या खात्यांत वाटला जातो, आणि चूक कळेपर्यंत दोन-तीन वर्षं उलटून गेलेली असतात. जुलै आणि डिसेंबर, दोन्ही वेळच्या बिलांनंतर प्रत्येक भूखंडाचा ताळा घेणारा एक माणूस प्राधिकरणात नेमलेला असावा.

शेवटी, हा पैसा कोणाचा? ग्रंथालय, बससेवा, काउंटीची आरोग्यसेवा यांना वीस वर्षं वाढ मिळत नाही, त्यांचा खर्च मात्र वाढतो. वाढीव करात नैसर्गिक भाववाढही येते, प्रकल्पाने आणलेलीच नव्हे. कॅलिफोर्नियात याच वादातून, शाळांच्या वाट्याचा भार राज्यावर पडल्यामुळे, २०११च्या कायद्याने पुनर्विकास संस्था बरखास्त करायचं ठरलं आणि १ फेब्रुवारी २०१२ला सुमारे चारशे संस्था बंद झाल्या. म्हणून प्राधिकरणाने विकासकाचा पूर्ण ताळेबंद मागावा: या मदतीशिवाय परतावा किती, मदतीसह किती. मदतीशिवायही प्रकल्प उभा राहत असेल तर नकार द्यावा. ज्याने प्रदूषण केलं त्याची सफाई शाळेच्या करातून करून देण्याला मिशिगनचा कायदाच आडकाठी करतो. आणि विकासकाची परतफेड संपल्यावर आणखी पाच वर्षांपर्यंत वाढीव कर घेऊन तो स्थानिक फिरत्या निधीत ठेवता येतो. ज्या जागेला विकासकच मिळत नाही, तिच्या फेज वन आणि फेज टूचा खर्च या निधीतून करता येतो. आराखडा लिहितानाच ही पाच वर्षं त्यात मागून घ्यावीत. मूळ आराखड्यात ती नसतील तर दुरुस्तीसाठी पुन्हा सुनावणीला उभं राहावं लागतं.