गोवर्धन उचलणारा हात

नमस्कार श्रोतेहो.

हात मोकळे असतील तर आता एक करून पाहा. उभे राहा. डावा हात डोक्याच्या वर न्या. तळहात आकाशाकडे. वर एक डोंगर आहे, त्याच्याखाली सगळं गोकुळ उभं आहे आणि हा हात खाली येऊन चालणार नाही, असं समजा. थोडा वेळ तसेच राहा. खांद्याला रग लागते. कंबर नकळत एका बाजूला जाते. भार कुठल्या पायावर आलाय ते कळू लागतं.

सुमारे इसवी सन ६०० च्या एका शिल्पकाराला हे सगळं कळलं होतं. कंबोडियाच्या दक्षिणेला नोम दा नावाची टेकडी आहे. तिथला हा गोवर्धनधारी कृष्ण दगडातला, जवळपास माणसाएवढा. आज तो अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडच्या कलासंग्रहालयात आहे.

त्याची कहाणी मोठी विलक्षण आहे. मूर्ती भंगलेली. संग्रहालयानं ती १९७३ साली घेतली, पण तिचे काही तुकडे सापडले ते बेल्जियममध्ये, ब्रुसेल्समधल्या एका घराच्या बागेत, मातीखाली! त्यात आणखी एक गुंता होता. त्याच टेकडीवरचा दुसरा गोवर्धनधारी कृष्ण कंबोडियाच्या राजधानीत, नोम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि या दोघांचे तुकडे एकमेकांत मिसळले होते. कुठला पाय कुणाचा, हे ठरवायला अनेक वर्षं लागली. शेवटी तुकड्यांचं थ्रीडी स्कॅनिंग झालं, संगणकावर ते जोडून पाहिले गेले आणि दोन्ही देशांतल्या जाणकारांनी मिळून ज्याचं त्याला दिलं.

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये या कृष्णाचं प्रदर्शन भरलं, तेव्हा क्लीव्हलंडनं मला फार आवडलेली एक गोष्ट केली. प्रेक्षकांना होलोलेन्स नावाचा चष्मा दिला. या चष्म्यातून समोरची खोली दिसत राहते आणि तिच्यातच त्रिमिती चित्रंही उभी राहतात. नोम दाची टेकडी, तिथलं गुहामंदिर, मग तुकड्यांचा तो देशोदेशीचा प्रवास, हे सगळं माणसाला आपल्याभोवती पाहता आलं. आणि खरा दगडी कृष्णही त्याच प्रदर्शनात होता. त्याच्यापुढे उभं राहताना डोक्यावर डोंगर असायचा हे आता ठाऊक असतं, आणि दगडावरच्या तुकडे जोडल्याच्या खुणा उगाच नाहीत हेही.

मला इथे थोडं थांबायचंय, कारण संग्रहालयात तंत्रज्ञान आणलं की माणूस मूळ मूर्तीपर्यंत पोचतोच असं नाही. एका संग्रहालयात दारातच भलामोठा टचस्क्रीन पाहिला होता. मुलं त्याच्यावर तुटून पडली होती. प्रश्नमंजूषा, गुण, टाळ्यांचा आवाज. चार पावलांवर विष्णूची अतिशय देखणी मूर्ती होती. मी अर्धा तास तिथे होते, त्या वेळात तिच्याकडे एकही मूल वळलं नाही. मुलांचा त्यात काय दोष? पडद्यानं त्यांना मूर्तीकडे जा म्हणून सांगितलंच नव्हतं. फार वाईट वाटलं.

क्लीव्हलंडवाल्यांनी यावर पुष्कळ विचार केलेला दिसतो. २०१३ च्या सुरुवातीला त्यांनी लोकांसाठी खास दालन उघडलं. चाळीस फूट लांबीची स्पर्शभिंत, तिच्यावर संग्रहातल्या चार हजारांहून अधिक कलाकृतींची चित्रं. एका खेळात शिल्पासारखी पोझ घ्यायची, ती कितपत जमली हे यंत्र सांगतं. दालन गाजलं. तरीही २०१७ मध्ये त्यांनी त्याची मांडणी बदलली. त्या खेळांमध्ये बोटानं दाबायच्या पडद्यांच्या जागी शरीराच्या हालचाली ओळखणारी यंत्रणा आणली. पडद्यावर झुकलेली मान वर आली की समोर मूळ कलाकृती दिसते. एका खेळात तर आपली नजर चित्रावर कुठून कुठे फिरली हेच आपल्याला दाखवतात. मला हे ऐकूनच हुरहूर लागली, कारण आपण एखाद्या चित्राचा किती भाग पाहतच नाही, हे कधी कुणी दाखवून देत नाही.

आता आपल्या घरी या. वेरूळच्या पंधरा क्रमांकाच्या लेण्यात गोवर्धनधारी आहे. घारापुरीला नटराज आहे, त्याचे बरेचसे हात तुटलेले. तिथल्या गर्दीत उभं राहून लोक विचारतात, "हा काय करतोय?" नाचतोय, हे शरीराच्या वळणावरून कळायला हवं, पण हातच नाहीत. दगडाला धक्का न लावता, फोनच्या पडद्यावर किंवा अशाच चष्म्यातून ते हात क्षणभर दाखवता आले तर? अभ्यासकांनी आधी ते कसे असतील हे ठरवावं, जिथे एकमत नसेल तिथे दोन शक्यता दाखवाव्यात, मराठीत बोलावं, आणि मग फोन खिशात ठेवायला सांगावं.

तोवर मी माझ्याबरोबर येणाऱ्या मुलांना जुनाच उपाय सांगते. मूर्तीसमोर उभे राहा, तिच्यासारखे हात धरा, आणि दहापर्यंत मोजा. मोजून झाल्यावर एखादं मूल हमखास विचारतं, "ताई, हा इतकी वर्षं असाच कसा उभा राहिला?"

नमस्कार.