बोट पळंना म्हणून इंजिन उघडू नका, आधी पंखा बघा

नमस्कार मंडळी, बेळगावचा मी, पण आज कारवारातनं बोलूलोय. रामनगर, जोयडा, अणशी घाट उतरून सकाळीच पोचलो. मागं काळी नदीचं मुख दिसूलंय, आणि ही आमची शिडाची बोट, तिघा दोस्तांनी मिळून घेतलेली, आज वर काढलीय.

दिवाळीनंतर पाण्यात सोडली आणि अडीच महिने कुणालाच यायला जमलं नाही. जानेवारीत आलो, वारा पडलेला म्हणून इंजिन चालू केलं तर रेसच घेईना, नुसता काळा धूर आणि पायाखाली थरथर. डिझेल फिल्टर बदलला, इंजेक्टर काढला, अख्खा दिवस त्यातच गेला. शेवटी डुबकी मारून बोटीखालच्या पंख्याला, म्हणजे प्रोपेलरला, हात लावला तर किसणी!

हे बघा, जवळनं दाखवतो. हे पांढरे टोकदार उंचवटे म्हणजे बार्नेकल. शिंपल्यासारखा दिसतो, पण हा खेकडा-कोळंबीच्या नात्यातला. पिल्लू पाण्यातनं तरंगत येतं, जागा आवडली की डोक्याकडनं चिकटतं, भोवती चुन्याचं घर बांधतं आणि मग जन्मभर पायानं अन्न ओढून खातं. डार्विननं १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं यांच्यावर काढली, आणि मला ते पटतं.

आता पंखाच का? तळाला आपण रंग देतो, पंखा मात्र उघडा पितळेचा राहतो. पात्याचा आकार अगदी मोजून केलेला असतो, त्यावर एवढे खडे बसले की पाणी मागं ढकलायच्या ऐवजी नुसतं घुसळलं जातं, इंजिनावर लोड येतो. थंड पाणी आत घेणारं भोकसुद्धा असंच बुजतं, तेही तपासा, नाहीतर इंजिन तापणार.

काढायचं ते ओलं असतानाच, वाळलं की दगड होतं. लाकडी नाहीतर प्लास्टिकची पट्टी घ्या, छिन्नी नको, पितळेवर ओरखडे पडतात. कवच निघालं तरी खाली हे गोल पांढरं कडं राहतं बघा, तो चुना आहे, त्यामुळं पातळ ॲसिडनं फसफसून सुटतो. हातमोजे, चष्मा, उघडी हवा, आणि लगेच भरपूर पाणी. ॲल्युमिनियमला मात्र ॲसिड अजिबात लावायचं नाही. मी पंखा सोडवून बेळगावात उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, नेतो आणि बफ मारून घेतो, आरशासारख्या पात्यावर यांची पकड कमी बसते.

तळाला तांब्याचा अँटीफाऊलिंग, म्हणजे बार्नेकल बसू न देणारा रंग, पण बोट ॲल्युमिनियमची असेल तर तांब्याचा नको, धातूच खाऊन टाकतो. जुना रंग घासताना पाणी मारत घासा, ती धूळ विषारी असते. पूर्वी टीबीटीचा, म्हणजे कथिलाच्या एका संयुगाचा रंग असायचा, फार जालीम, पण त्यानं कालवांची कवचं वेडीवाकडी व्हायला लागली, म्हणून २००८ पासून जगभर बंदी आहे. आणि जस्ताचा तुकडा असतो ना शाफ्टवर, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्यावर, त्याला रंग फासू नका, बाकीच्या धातूऐवजी झिजायचं हेच त्याचं काम आहे.

पावसाळ्यात काळीचं पाणी गोडं होतं तेव्हा बार्नेकल मरतात, पण घर तिथंच चिकटून राहतं, खरवडणं काही चुकत नाही.

आता आम्ही बोट बांधून जाताना पंख्यावर जाड काळी पिशवी चढवून दोरीनं आवळतो. उजेड आणि वाहतं पाणी तुटलं की फार कमी बसतात. फक्त इंजिनच्या किल्लीला लाल चिंधी बांधा, कारण पिशवी काढायची विसरून किल्ली फिरवली तर सगळी दोरी शाफ्टला गुंडाळणार.