हुकावर परत अडकवलेली गाडी

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते बोटभर लांबीच्या धातूच्या मोटारी जमवणाऱ्या मोठ्या माणसांबद्दल. जस्ताचा मिश्रधातू वितळवून साच्यात दाबाने भरायचा, वर चकचकीत रंग द्यायचा, खाली तळ ठोकून बसवायचा, अशी ही गाडी तयार होते. जमवणारे तिला डायकास्ट म्हणतात. मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, जिथे जाल तिथे नोकरी-धंदा करणारी, लेकुरवाळी माणसं तुम्हाला या नादात सापडतील. त्यांना पाहुणे हमखास विचारतात, “किती झाल्या?” मला मात्र आकड्यापेक्षा एक वेगळीच गोष्ट बघायला आवडते. दुकानात हातात घेतलेली गाडी हा माणूस परत हुकावर केव्हा अडकवतो? त्यावरून त्याची किती वर्षं या छंदात गेली ते बरोबर ओळखता येतं.

नवा माणूस काहीच परत ठेवत नाही. दिसेल ते घेतो, आणि त्याला तसं कारण असतं. 1980च्या दशकात आपल्याकडे व्हीआयपीच्या सुटकेसवाल्या ब्लो प्लास्ट कंपनीने ‘लिओ’ या नावाने मॅटेल या अमेरिकी कंपनीची खेळणी आणली. त्यात हॉट व्हील्स या छोट्या मोटारीही होत्या. मध्यमवर्गीय घरात अशी गाडी वाढदिवसालाच यायची, तीही एखादी. बाकीच्या दुकानाच्या काचेपलीकडे राहायच्या. त्या काचेसमोर उभं राहिलेलं पोर पुढे कमावतं होतं, पगाराच्या दिवशी मॉलमध्ये जातं, तेव्हा समोर गाड्यांनी लगडलेली भिंत असते आणि अडवणारं कुणी नसतं. पहिल्या काही महिन्यांतली ही खरेदी पाहून घरचे वैतागतात. मला ती फार समजण्यासारखी वाटते. ज्याची हौस तेव्हा भागली नाही त्याने ती आता भागवली तर कुणाचं काय बिघडलं?

पण हौस भागते. पाचपन्नास गाड्या झाल्या की प्रत्येक नव्या गाडीचा आनंद संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकत नाही. इथे काहीजण थांबतात. जे थांबत नाहीत ते यादीच्या मागे लागतात. सेट पुरा करायचा. आणि यादी पुरी होऊ नये याची सोय कंपनीने आधीच करून ठेवलेली असते. हॉट व्हील्स 1968 साली 16 गाड्यांनिशी सुरू झाल्या, मुलांसाठी. 1995 साली मॅटेलने ‘ट्रेझर हंट’ काढलं. 12 गाड्या, प्रत्येकीचे 10,000 नग, जगभरच्या खोक्यांत विखुरलेले. त्या दिवसापासून या गाड्यांचं गिऱ्हाईक लहान मूल एवढंच राहिलं नाही. 2007 पासून त्यांच्यात रबरी टायरची, खास रंगाची ‘सुपर’ आवृत्तीही आली. आपल्याकडची मुलं ‘सुपर ट्रेझर हंट’ असं पूर्ण न म्हणता तिला नुसतं ‘एसटीएच’ म्हणतात.

या टप्प्यावर सवयी बदलतात त्या बघण्यासारख्या असतात. दुकान उघडायच्या वेळेला हजर राहायचं. काउंटरवरच्या पोराशी दोस्ती करायची, नवा बॉक्स कधी फुटणार ते त्याच्याकडून काढून घ्यायचं. गाडीमागच्या कार्डाचा कोपरा दुमडला असेल तर गाडी परत. पाकीट फोडणं म्हणजे पाप. आणि एकाच मॉडेलच्या दोन-दोन, तीन-तीन घ्यायच्या, कारण उद्या भाव येईल. आता खेळण्याकडे बघायची नजर शेअरवाल्याची झालेली असते. त्यातच सरकारने खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 साली 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर नेलं, 2023 साली 70 टक्क्यांवर, आणि मधे 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, मोहोर सक्तीची झाली. देशी कारखानदारीला त्याचा उपयोग झाला असेल, पण बाहेरून येणाऱ्या गाड्यांचे हुक रिकामे पडले की साठेबाजांचं फावतं.

मी एक सांगतो, मला राहवत नाही म्हणून. मागे सहा-सात वर्षांचं मूल ताटकळत उभं आहे आणि पुढे चाळिशीचा गृहस्थ दोन्ही हातांनी टोपली उपसतोय, हे दृश्य मी पाहिलेलं आहे. ते मला अजिबात सहन होत नाही. आधी त्या पोराला घेऊ द्यावं. त्याच्या हाती एसटीएच लागली आणि त्याने ती घरी जाऊन फरशीवर आपटली तरी चालेल. ती त्यासाठीच बनलेली आहे.

आता येतो ज्या टप्प्यावर मला खरा जीव आहे त्यावर. काही वर्षांनी हा माणूस गाडी उलटी करून बघायला लागतो. वरचा रंग सगळेच बघतात, मजकूर तळाशी असतो. कुठे बनली, कुठल्या साच्यातून आली, नाव कुणाचं, ते सगळं तळावर लिहिलेलं.

एक उदाहरण देतो. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या ‘डिंकी टॉइज’ म्हणजे ब्रिटिश डायकास्टमधलं मोठं घराणं. 1960च्या दशकात त्यांचे काही जुने साचे कलकत्त्याला आले आणि तिथे त्याच गाड्या ‘निकी टॉइज’ नावाने निघू लागल्या. तळावरचं डिंकी बदलून निकी केलेलं. रंग जरा जाड बसलेला, चाकं निराळी. तेव्हा इथे कुणी त्यांना फार किंमत दिली नसेल, पण आज इंग्लंडातले डिंकीवाले निकी शोधत असतात. लिओच्या हॉट व्हील्सचंही तेच. अमेरिकेत कधी न निघालेल्या रंगांत त्या आपल्याकडे निघाल्या. आणि गोव्याच्या श्रोत्यांनो, 1987 साली एमआरएफने सुरू केलेल्या फनस्कूल या खेळण्यांच्या कंपनीचा कारखाना तुमच्याकडचा. फनस्कूलच्या जी. आय. जो या सैनिक-बाहुल्यांच्या अजब रंगसंगतीवर परदेशातले संग्राहक जीव टाकतात.

असं का होतं? कारण इथपर्यंत आलेल्या माणसाला निर्दोष वस्तूचं आकर्षण उरलेलं नसतं. त्याला गोष्ट हवी असते. हॉट व्हील्समधली सगळ्यात गाजलेली गाडी 1969 सालची गुलाबी फोक्सवॅगन व्हॅन. मागच्या काचेतून लाटांवर घसरायच्या फळ्या बाहेर आलेल्या. ती इतकी अरुंद झाली की रुळावर गाड्यांना वेग देणाऱ्या यंत्रात नीट चालेना. म्हणून फळ्या बाजूला घेऊन ती रुंद केली आणि मगच बाजारात आणली. आज मोल आहे ते त्या फसलेल्या नमुन्याला.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. एके काळी त्यांच्या दिवाणखान्याच्या तीन भिंती भरलेल्या होत्या. आता त्यांच्याकडे फक्त लाल डबलडेकर उरल्यात. बाकीचं सगळं विकलं, वाटलं. त्यांचं बालपण परळचं, बेस्टच्या डबलडेकरमध्ये वरच्या मजल्यावर पुढची खिडकी पकडायची धडपड त्यांनी रोज केलेली. पण या बसमध्ये गुंतण्याचं कारण विचारलं तर ते बालपणाबद्दल अवाक्षर बोलत नाहीत. ते मॅचबॉक्सची पाच नंबरची लंडन बस हातात देतात, 1954 पासून निघालेली. “चाकं बघ,” म्हणतात. पहिली चाकं धातूची. मग राखाडी प्लास्टिकची. मग काळ्या प्लास्टिकची. बसही प्रत्येक वेळी जराशी लांब झालेली. चार-पाच बस टेबलावर ओळीने लावून ते मॅचबॉक्स बनवणाऱ्या लंडनच्या लेस्नी कंपनीचा सगळा प्रवास सांगतात, थेट 1982 साली तिचं दिवाळं निघेपर्यंत. 2023च्या सप्टेंबरात बेस्टची शेवटची डिझेल डबलडेकर रस्त्यावरून गेली त्या आठवड्यात त्यांना मी भेटलो, तर ते सोसायटीतल्या मुलांना हेच शिकवत होते. मुलांच्या हातात बस देऊन. पन्नास ते सत्तर वर्षांच्या बस!

आपल्याकडे याचं मोठं उदाहरण पुण्यात आहे. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दरवाजे असं हजारोंनी जमवलं, अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभं केलं आणि सगळं महाराष्ट्र शासनाच्या हवाली केलं. प्रत्येकाला ते जमणार नाही, पण आपल्यामागे या वस्तूंचं काय, हा प्रश्न प्रत्येक संग्राहकाला साठीच्या आसपास पडतोच. तेव्हा तो खरेदी कमी करतो आणि वही घालतो. कुठून घेतली, कुणाकडून, तळावर काय आहे. वही नसेल तर घरच्यांच्या दृष्टीने ती भंगाराची पेटी असते, आणि तिची तशीच वासलात लागते.

तर श्रोतेहो, एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर अशा गाड्यांचा डबा सापडला तर तो भंगारवाल्याला देण्याआधी प्रत्येक गाडी उलटी करून बघा. लिओ, निकी, मेड इन इंडिया अशी अक्षरं दिसतात का ते बघा. रंग उडाला असला तरी नवा लावू नका, त्याने ती संग्राहकाच्या कामातून जाते. महायुद्धापूर्वीची विलायती गाडी असेल आणि तिला भेगा दिसत असतील, तर ती जपूनच हाताळा. तेव्हाच्या जस्तात शिसं मिसळलेलं असलं की धातू आतून फुगतो आणि हातात भुगा होतो. आणि घरातलं जे कुणी त्या गाड्यांशी खेळलं असेल त्याला विचारून घ्या, कुणी आणल्या होत्या, कुठून. ते कागदावर लिहा आणि कागद त्याच डब्यात ठेवा. नमस्कार.